पाच जणींत एक वही कशी फिरवायची (फिलाडेल्फियाच्या जुन्या कवयित्रींची रीत)

आम्ही पाच जणी न्यू जर्सीत राहतो, दोघी एडिसनला, बाकीच्या इकडे तिकडे, आणि गेली दोन वर्षं एक वही आमच्यात फिरतेय. तिच्यात कविता आहेत, चित्रं आहेत, तीन उखाणे आहेत आणि एका पानावर चहाचा डाग आहे, तो कुणाचा ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की आम्हालाही अशी वही सुरू करायचीय, कशी करायची, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं म्हणजे प्रत्येकीला फोनवर सांगत बसायला नको.

कल्पना आमची नाही हे आधीच सांगते. प्रिन्स्टनला मॉर्व्हन म्हणून जुनं घर आहे, आता म्युझियम आहे. भारतातून पाहुणे आले की युनिव्हर्सिटी दाखवायची आणि मग कुठेतरी जायचं म्हणून आम्ही तिथे गेलो आणि कळलं की इथली मालकीण ॲनिस स्टॉकटन ही कवयित्री होती. नवरा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी, त्यामुळे पाट्यांवर तोच जास्त. पण ही बाई एमिलिया या नावाने कविता लिहायची, मैत्रिणींना पाठवायची, त्या उत्तर पाठवायच्या, मी पुढे वाचत गेले आणि तिथून धागा फिलाडेल्फियाला गेला. १७५० ते १७८० च्या त्या काळात तिकडे बायकांचा एक मोठा गोतावळाच होता, ज्यांच्या कविता छापून कमी आणि हाताने उतरवून जास्त फिरायच्या. हॅना ग्रिफिट्स, सुझाना राइट, एलिझाबेथ ग्रेम (लग्नानंतरची फर्ग्युसन). आणि या सगळ्यांचं लिखाण एका वहीत उतरवून ठेवणारी मिल्का मार्था मूर. तिच्या वहीत सव्वाशेच्या आसपास नोंदी आहेत, सोळाएक जणांच्या, बहुतेक बायकांच्याच. ती वही पुस्तक म्हणून छापली गेली १९९७ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. आपल्याकडे असल्या वहीला बाड म्हणायचे, आजीच्या ट्रंकेत असायचं तसलं.

तर आता रीत.

सगळ्यात आधी माणसं. चार ते सहा जणी पुरे. आम्ही सुरुवातीला अकरा होतो आणि वही पहिल्या फेरीतच चौथ्या घरी पाच महिने अडकली. सगळ्याच कविता करणाऱ्या नकोत, एखादी चित्र काढणारी हवी, आणि एक तरी अशी हवी जिचं अक्षर चांगलं आहे आणि जिला दुसऱ्याचं वाचायची मनापासून आवड आहे. ही तिसरी बाई सगळ्यात महत्त्वाची. मूर तशी होती. तिच्या वहीत तिचं स्वतःचं शोधायला जावं तर सगळं दुसऱ्यांचंच सापडतं. सुझाना राइट तर फिलाडेल्फियापासून लांब, सस्क्वेहाना नदीकाठी राहायची, रेशमाचे किडे पाळायची, शेजाऱ्यांचे कागदपत्र लिहून द्यायची, आणि कविता छापायच्या भानगडीत पडलेली नव्हती. तिच्या बऱ्याच कविता आज वाचायला मिळतात त्या मूरने उतरवून घेतल्या म्हणून.

त्यामुळे आमचा नियम नंबर एक हाच, आणि यावर मी भांडते सुद्धा: वही हातात आली की आधी दुसऱ्या कुणाची तरी एक कविता स्वतःच्या हाताने उतरवायची, मग स्वतःची लिहायची. फोटो काढून चिकटवायचा नाही, प्रिंट नाही, हाताने. सुरुवातीला सगळ्या वैतागल्या की शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं. पण उतरवताना जे दिसतं ते वाचताना दिसत नाही. आमच्यातल्या एकीची कविता आहे, ओट्यावर रात्री शेवटचं फडकं मारण्याबद्दल, व्हॉट्सॲपवर मी ती दहादा वाचली होती आणि अंगठा दाखवून मोकळी झाले होते. उतरवताना लक्षात आलं की "पुसून" हा शब्द तिनं तीनदा घेतलाय आणि तिसऱ्यांदा ओटा पुसलेला नाहीच, तिथे नाव पुसलंय. मी पेन खाली ठेवलं आणि तिला फोन केला. ती म्हणे, वर्षभर वाट बघत होते कुणी विचारेल म्हणून.

उतरवताना वरती मथळा, खाली नाव, तारीख, आणि कशावरून लिहिली ते एका ओळीत. जुन्या वह्यांत हे सगळं असतं, अमुक बाईच्या मृत्यूवर, तमुक साली. याचा फायदा नंतर कळतो. हॅना ग्रिफिट्सची एक कविता आहे १७६८ ची, ब्रिटिशांनी चहावर आणि इतर मालावर कर लावला तेव्हा बायकांनी चहा सोडावा म्हणून लिहिलेली, आता साल नसतं तर ती कुणाला तरी पथ्यपाण्याची कविता वाटली असती.

कागद आणि शाई. साधी शिवलेली वही घ्या, स्पायरल नको, स्पायरलची पानं फाटतात आणि फाडायचा मोहही होतो. कागद जाड, ॲसिड-फ्री लिहिलेला. पेन पिगमेंट शाईचं, पाण्याने न पसरणारं. झालं, एवढं पुरतं, पुढचा पॅरा हौशी लोकांसाठी आहे.

हौशी लोकांसाठी: त्या बायकांच्या काळची शाई घरी करता येते आणि तिचं सामान आपल्या ओळखीचं निघतं. युरोप-अमेरिकेत ती ओकच्या झाडावरच्या गाठींपासून करायचे. या गाठी म्हणजे आपलं मायफळ, बाळगुटीत उगाळतात ते! मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. आमच्यातल्या एकीच्या आई सहा महिने राहायला येणार होत्या, त्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो, त्यांना सांगितलं काकू येताना मूठभर मायफळ आणा. त्या म्हणाल्या, कुणाकडे गोड बातमी आहे का गं? तर मायफळ जाडसर कुटायचं, पाण्यात चार-पाच दिवस भिजत ठेवायचं किंवा मंद उकळायचं, पाणी चहासारखं झालं की फडक्यातून गाळायचं. मग त्यात हिराकस घालायचं, मायफळाच्या निम्म्याहून कमी, हे बागकामाच्या दुकानात आयर्न सल्फेट म्हणून मिळतं. हिराकस पडल्या पडल्या तपकिरी पाणी समोर काळं होतं, पोरांना दाखवण्यासारखं आहे पण पोरांच्या हाताला लागू देऊ नका आणि ज्या भांड्यात कराल ते परत स्वयंपाकाला नको. शेवटी थोडा बाभळीचा डिंक भिजवून घालायचा, त्याने शाई कागदावर बसते. लिहिताना ती फिकी दिसते, घाबरू नका, हवा लागून काळी होत जाते. फाउंटन पेनात अजिबात भरू नका, पेन जाम होतं (माझं झालं, बक्षीस मिळालेलं पेन होतं, असो). बोरूने किंवा डिप पेनने लिहा. आणि ही शाई वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते आणि कागद खाते, त्यामुळे अख्खी वही हिच्याने लिहू नका, एखादं पान लिहा.

टोपणनावं ठेवा. हा सगळ्यात मजेचा भाग आहे आणि वाटतो त्यापेक्षा कामाचा. ग्रिफिट्स फिडेलिया, एलिझाबेथ ग्रेम लॉरा, ॲनिस एमिलिया. गोतावळ्यात कोण कोण ते सगळ्यांना माहीत असायचं, बाहेरच्याला नाही. आमच्यात कैरी, उनाड, शेवंता, लोअर परळ आणि मी, माझं नाव सांगत नाही. टोपणनावाने झालं काय, की शेवंता जी एरवी मुलांच्या ॲडमिशनशिवाय बोलत नाही तिनं सासऱ्यांच्या आजारपणावर इतकं उघडं लिहिलं की आम्ही वाचून दोन दिवस गप्प होतो.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड गोड वाटेल. नाव लपवायची मजा कुणाला परवडते? त्याच काळात बॉस्टनमध्ये फिलिस व्हीटली होती, १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. तिला उलटं करावं लागलं. तिच्या कविता तिच्याच आहेत हे लोकांना पटावं म्हणून बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्या पुस्तकात छापाव्या लागल्या. पुस्तक निघालं १७७३ मध्ये, तेही लंडनला, कारण बॉस्टनमध्ये पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत. सुरुवातीला तिचं चित्र आहे, टेबलाशी बसलीय, हातात पीस, पुढे दौत आणि कागद, गालाला बोट लावून विचार करतेय, आणि भोवतीच्या गोलात तिच्या नावासोबत मालकाचं नाव. हे चित्र सिपिओ मूरहेड या गुलाम चित्रकाराच्या रेखाटनावरून केलं असं बरेच जण मानतात, पक्का पुरावा नाही. पण त्याच पुस्तकात एका तरुण आफ्रिकन चित्रकाराला उद्देशून, त्याची चित्रं पाहून लिहिलेली तिची कविता आहे, ती नक्की. सिपिओ ज्या घरात होता तिथली बाई, सारा मूरहेड, स्वतः कविता करायची आणि चित्रकला शिकवायची. म्हणजे कविता आणि चित्र एकाच घरात, आणि त्यातला एकजण त्या घराच्या मालकीचा. मी टोपणनाव घेते तेव्हा हे डोक्यात असतं, एवढंच.

उत्तर द्यायची सवय लावा. "मस्त", "अप्रतिम" हे वहीत लिहायचं नाही, कवितेला उत्तर कवितेनेच, चार ओळी का असेनात. ग्रिफिट्सला एका मैत्रिणीनं काही ओळी पंख्यावर, म्हणजे हातातल्या घडीच्या पंख्यावर, लिहायला सांगितल्या, तर तिनं त्या ओळींना उत्तर म्हणून १७६९ मध्ये कविता लिहिली, लग्न न करता राहणं मला बरं, अशा अर्थाची. आणि खरंच शेवटपर्यंत राहिली, नव्वदीपर्यंत जगली. आम्ही यावरून वहीच्या बाहेर पण गेलो, एकीनं कैरीच्या ओळी ब्लाउजपीसच्या कापडावर भरतकामाने उतरवल्या, तो तुकडा पानात शिवलाय. थोडी वही फुगते, चालतं.

चित्राचं पान. नियम सोपा, कवितेच्या समोरचं पान मोकळं सोडायचं, कवितेनंतर लगेच दुसरी कविता कोंबायची नाही. चित्रकार ज्या कवितेपाशी थांबावंसं वाटेल तिथे थांबेल. वॉटरकलर असेल तर मागे जाड कागद किंवा बटर पेपर घालून मगच, आणि पान वाळेपर्यंत वही उघडी. आमच्या पहिल्या चित्राचा जांभळा रंग आरपार गेला आणि मागच्या पानावरच्या उनाडच्या पावसाच्या कवितेवर उतरला, ती म्हणाली राहू दे, माझ्या पावसापेक्षा हाच बरा आहे.

ज्यांना चित्र येत नाही त्यांच्यासाठी सारा मॅप्स डग्लस लक्षात ठेवा. ही नंतरची, १८३० च्या पुढची, फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबातली, शिक्षिका, आणि मैत्रिणींच्या अल्बममध्ये फुलं रंगवायची, शेजारी सुंदर अक्षरात ओळी. एमी मटिल्डा कॅसी नावाच्या बाईचा अल्बम अजून तिथल्या लायब्ररी कंपनीत आहे, त्यात तिची फुलं आहेत. या अल्बममधली बरीच फुलं त्या वेळच्या चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकांवरून बघून काढलेली असायची, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे, कविता उतरवून घेतो तसंच. तेव्हा पुस्तकात बघून जास्वंद काढा, खाली मैत्रिणीचं नाव घाला. बायकांची वही म्हणून पुरुषांना अगदीच बंदी नको, कॅसीबाईंच्या अल्बममध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस सुद्धा १८५० मध्ये लिहून गेलेत, अल्बममध्ये लिहायला बसलो की आपण भलत्याच प्रांतात आलो असं वाटतं, अशा अर्थाचं. आमच्याकडे लोअर परळच्या नवऱ्यानं एक पान घेतलं आणि त्यावर मिसळीची रेसिपी लिहिली. ठेवलीय.

आता टीका, कारण इथेच गट फुटतात. याच सारा डग्लसच्या मंडळींनी १८३१ मध्ये फिमेल लिटररी असोसिएशन काढली, आणि त्यांची पद्धत अशी की प्रत्येकीनं लिहून आणलेलं नाव न घालता एका पेटीत टाकायचं, मग एकेक काढून मोठ्याने वाचायचं आणि त्यावर बोलायचं. आम्ही हेच करतो, पेटी म्हणजे फराळाचा रिकामा डबा. घरी सगळ्यांनी टाईप करून प्रिंट आणायची म्हणजे अक्षरावरून ओळखू येत नाही. वाचणारीनं आपलीच निघाली तरी चेहरा न हलवता वाचायचं, हे फार अवघड आहे. गंमत अशी की माझ्या कवितेवर सगळ्यात कडक मी स्वतःच बोलले, ती दुसरीची समजून नव्हे बरं का, लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, आणि सगळ्यांना त्यावरूनच कळलं. डब्यातून निघून, दुरुस्त होऊन मगच कविता वहीत जाते.

बसायचं किती वेळाने? एलिझाबेथ ग्रेमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जमायचे, कवी, पाद्री, डॉक्टर, सगळे. आम्हाला शनिवार जमत नाही, मुलांचे क्लास. महिन्यातून एक रविवार, दुपारी. हाताला काही काम असलेलं बरं, भाजी निवडा, विणकाम करा, बोलणं जास्त मोकळं होतं. बॉर्डेनटाउनची पेशन्स राइट, मेणाचे पुतळे करणारी, ती समोरच्याशी गप्पा मारता मारता मांडीवर ॲप्रनखाली मेण ऊबेत ठेवून चेहरा घडवायची म्हणतात.

वही पोचवायची कशी. शक्यतो हातोहात. ईस्थर बर ही ॲनिसची मैत्रीण, ती आणि बॉस्टनची सारा प्रिन्स १७५४ पासून एकमेकींना रोजनिशीसारखी पत्रं लिहायच्या आणि कुणी विश्वासाचं माणूस त्या गावाला निघालं की गठ्ठा त्याच्याबरोबर द्यायच्या. (याच ईस्थरला १७५७ मध्ये एका कॉलेजातल्या शिक्षकानं ऐकवलं होतं की बायकांना मैत्री म्हणजे काय ते कळत नाही, आणि तिनं तासभर वाद घालून त्याला गप्प केलं, तेही पत्रात लिहून मैत्रिणीला कळवलं.) आम्ही एकदा आळस करून वही कुरियरने पाठवली, ती नऊ दिवस कुठे होती कुणाला माहीत नाही, ट्रॅकिंगवर एकच ओळ. ते नऊ दिवस काय झालं सांगत नाही. आता वही फक्त माणसाच्या हातून जाते, देवळात, हळदीकुंकवाला, ट्रेन स्टेशनच्या पार्किंगमध्ये.

आणि विचारल्याशिवाय वहीतलं बाहेर टाकायचं नाही, ना स्टेटसला, ना मंडळाच्या अंकाला. ॲनिस स्टॉकटनच्या कवितांचा संग्रह १९९५ मध्ये निघाला त्याचं नावच "फक्त मैत्रिणीच्या नजरेसाठी" अशा अर्थाचं आहे. तिलाही बाहेर पाठवाव्याशा वाटल्या तेव्हा तिनं स्वतः पाठवल्या, थेट जॉर्ज वॉशिंग्टनला, वर कविता केल्याबद्दल माफीही मागितली. १७८३ मध्ये त्याचं उत्तर आलं, मी काय तुमचा पापं माफ करणारा पाद्री आहे का, या जेवायला, तेच प्रायश्चित्त. बाहेर कधी जायचं हे जिची कविता तिनं ठरवायचं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण चुकवू नका: वही भरली की दुसरी प्रत. व्हीटलीनं १७७९ मध्ये दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली होती, पुरेशी मागणी आली नाही, १७८४ मध्ये ती गेली आणि ते हस्तलिखित नाहीसं झालं, आजपर्यंत सापडलेलं नाही. तिची पत्रं मात्र राहिली, न्यूपोर्टच्या ओबूर टॅनर नावाच्या मैत्रिणीनं, तीही गुलामगिरीत होती, म्हातारपणापर्यंत सांभाळून ठेवली म्हणून. स्कॅन करा, पेन ड्राइव्हवर ठेवा, सगळं करा, पण एक हाताने लिहिलेली प्रत दुसऱ्या घरी असू द्या. आमची दुसरी वही मी लिहायला घेतलीय, रोज रात्री एक पान, आता बत्तिसाव्यावर आहे आणि चहाचा डाग तेवढा काढायचा की नाही यावर ग्रुपमध्ये मतदान चालू आहे.